फ्लेबोटॉमिस्ट व्हायचं आहे: तीन महिन्यांचा कोर्स की डीएमएलटी?

कृष्णाकाठ
नमस्कार. हा धागा भाचीसाठी काढते आहे. कराडजवळच्या गावात राहते, यंदा बारावी सायन्स झाली, 61 टक्के. नीटचा विचार तिने स्वतःच सोडला.

मागच्या वर्षी माझी आई, म्हणजे तिची आजी, अकरा दिवस दवाखान्यात होती. आईचे हात म्हणजे नुसतं हाड आणि कातडं. रोज सकाळी रक्त काढायला येणाऱ्या पोराला शीर सापडायची नाही, दोन्ही हात काळेनिळे झाले होते. सहाव्या दिवशी पन्नाशीच्या एक बाई आल्या. त्यांनी आधी आईला तिचं पूर्ण नाव विचारलं, हातावर गरम पाण्याची पिशवी ठेवून पाच मिनिटं थांबल्या, बोटाने चाचपलं आणि एका टोचणीत तीन ट्यूब भरून घेतल्या. आई म्हणाली, "टोचलं कधी?" भाची तिथेच उभी होती. तेव्हापासून तिचं एकच चाललंय, मला हे शिकायचंय.

आता पर्याय असे आहेत. एका खासगी क्लासचा तीन महिन्यांचा 'फ्लेबोटॉमी टेक्निशियन' (म्हणजे तपासणीसाठी रक्त काढणारा) कोर्स आहे, फी 45 हजार आणि 'नोकरीची शंभर टक्के हमी'. दुसरा स्किल इंडियाखालचा, त्याची बॅच कधी सुरू होणार ते कोणी नीट सांगत नाही. तिसरा म्हणजे डीएमएलटी, लॅब टेक्निशियनचा दोन वर्षांचा डिप्लोमा. दाजींची दोन एकर जमीन आहे आणि ऊस. लवकर हातात चार पैसे यावेत असं त्यांना वाटतं आणि त्यात त्यांचं चूक नाही. इथे या कामातले कोणी असतील तर कृपया सांगा: हे काम नक्की कुठे शिकायला मिळतं?

पहाटपाळी
ताई, मी पुण्यात नऊ वर्षं होम कलेक्शन करतो, म्हणजे घरोघरी जाऊन रक्त घेतो. आधी दिवस कसा असतो ते सांगतो, म्हणजे भाचीला अंदाज येईल. पावणेसहाला पहिली बेल वाजवायची. फास्टिंगवाले सगळे साडेनऊच्या आत उरकावे लागतात, कारण उपाशी बसलेला माणूस आणि त्यातही डायबेटिसचा, उशीर झाला की चक्कर येऊन पडतो. पाठीला बॅग, त्यात आइस पॅक, ट्यूब, वापरलेल्या सुयांचा डबा. लिफ्ट नसलेले चार मजले. मग नऊ-साडेनऊला सॅम्पल सेंटरला पोचवायचे. पुन्हा साडेअकरापासून जेवणानंतरच्या शुगरवाले. पावसाळ्यातही हेच.

मी स्वतः तीन महिन्यांचाच कोर्स केलेला आहे, त्यामुळे तो वाईट असं म्हणणार नाही. पण माझ्या क्लासमध्ये काय झालं ते ऐका. पंचवीस जण होतो. एक रबरी हात. त्या हातात शीर कुठे आहे हे दुसऱ्या दिवशीच सगळ्यांना पाठ झालं, कारण आधीच्या बॅचने टोचून टोचून तिथे भोकं पाडलेली होती. जिवंत माणसाला मी पूर्ण कोर्समध्ये दोनदा टोचलं, दोन्ही वेळा शेजारच्या बाकावरच्या मित्राला, वीस वर्षांचा, जिमला जाणारा, हाताच्या शिरा दोरीसारख्या. सर्टिफिकेट मिळालं. पहिल्या नोकरीत पहिल्या दिवशी ऐंशी वर्षांच्या आजी समोर आल्या आणि माझे हात थरथरायला लागले.

शिकलो ते त्यानंतर. एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत कंत्राटी लागलो. रोज सकाळी साठ-सत्तर जण रांगेत. तिथल्या सिस्टरांनी पहिला आठवडा मला सुई हातात घेऊ दिली नाही. फक्त नाव विचारायचं, फॉर्म तपासायचा, ट्यूबवर लेबल लावायचं. तेव्हा राग यायचा. आज नवीन मुलगा हाताखाली आला की मीही तेच करतो.

म्हणून ताई, क्लासला एकच प्रश्न विचारा: माझी भाची कोर्स संपेपर्यंत किती खऱ्या माणसांचं रक्त काढेल, आणि त्या वेळी शेजारी कोण उभं असेल?

पॅथॉलॉजीवाली
मी पॅथॉलॉजिस्ट आहे, मिरज-सांगली भागात लॅब चालवते. पहाटपाळी यांनी विचारायला सांगितलेला प्रश्न अगदी नेमका आहे. त्याला कागदोपत्री बाजू जोडते, कारण तिथे मुलं फार फसतात.

फ्लेबोटॉमिस्ट हा स्किल इंडियामध्ये मान्य जॉब रोल आहे, हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा, लेव्हल 4. तो कोर्स खरा आहे. परंतु 'फ्लेबोटॉमिस्ट' आणि 'लॅब टेक्निशियन' एक नव्हेत. 2021 साली केंद्राने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशनसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान 2000 तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं शिक्षण हवं. तीन महिन्यांत 2000 तास कसे बसणार? त्यामुळे छोटा कोर्स केलेली मुलगी रक्त गोळा करण्याचं काम करू शकेल, पण उद्या तिला मशीनवर बसायचं असेल, सरकारी टेक्निशियनची जागा हवी असेल तर तो कागद पुरणार नाही. डीएमएलटी निवडतानाही संस्थेकडून लेखी घ्या: परीक्षा कोणतं मंडळ किंवा विद्यापीठ घेतं, आणि राज्याच्या पॅरामेडिकल कौन्सिलमध्ये या डिप्लोमावर नोंदणी होते का. तोंडी 'होते हो मॅडम' चालवून घेऊ नका.

आणखी एक. काही क्लासवाले 'डीएमएलटी करा, स्वतःची लॅब टाका' असं सांगतात. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. ते स्वप्न दाखवणाऱ्याकडे पैसे भरू नका.

गोदातीरी
नाशिक. अठरा वर्षं लॅब टेक्निशियन. माझं स्पष्ट मत, डीएमएलटीच करा. छोट्या कोर्सवर लागलेली मुलं आमच्याकडे पाच-पाच वर्षं कलेक्शनलाच अडकलेली बघतो. पगार थोडा सरकतो, पण काम तेच. गुडघे दुखायला लागले की मग काय?

पहाटपाळी
गोदातीरी दादा, मान्य. पण दोन एकरवाल्याच्या घरात दोन वर्षं फी भरणं आणि त्यात कमाई शून्य, हेही बघा ना. माझे वडील गेले तेव्हा मी एकोणीसचा होतो. तीन महिन्यांच्या कोर्सने मला नऊ हजारांची पहिली नोकरी दिली आणि धाकट्या बहिणीचं कॉलेज सुटलं नाही. तो कोर्स अर्धवट शिकवतो हे माझं दुःख आहे, तो असूच नये असं मी म्हणणार नाही.

गोदातीरी
भाऊ, तुमच्या परिस्थितीत तेच बरोबर होतं. मी बोललो ते ज्याला दोन वर्षं काढणं शक्य आहे त्याच्याबद्दल.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. डॉक्टर, एक विचारते. भाचीचं म्हणणं, रक्त काढणं हे हाताचं काम आहे, त्याला दोन वर्षांचा अभ्यास कशाला लागतो? मला उत्तर देता आलं नाही.

पॅथॉलॉजीवाली
तिला ही गोष्ट सांगा, आमच्याकडे घडलेली आहे.

साधारण पन्नास वर्षांचे गृहस्थ, रूटीन तपासणी. पोटॅशियम आलं 8 च्या वर. एवढं पोटॅशियम खरं असेल तर माणसाचं हृदय कोणत्याही क्षणी थांबू शकतं. त्याच नमुन्यात कॅल्शियम मात्र इतकं कमी की तो माणूस आकडी येऊन पडलेला असायला हवा. आणि हे गृहस्थ काउंटरला उभे राहून पार्किंगबद्दल वाद घालत होते. मी टेक्निशियनला म्हटलं, रिपोर्ट थांबव, कलेक्शनला फोन लाव. नव्या मुलाने सांगितलं, "मॅडम, लाल ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं होतं, जांभळीत जास्त होतं, म्हणून थोडं ओतलं."

जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, बहुतेक वेळा पोटॅशियमचा क्षार. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही आणि आम्हाला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करता येते. ते चार थेंब लाल ट्यूबमध्ये गेले की पोटॅशियम वाढलेलं दिसणार आणि कॅल्शियम खाली. मुलाने वाईट हेतूने काही केलं नव्हतं. पेशंटला दुसऱ्यांदा टोचायला नको, एवढाच त्याचा विचार. पण त्या आकड्यावर कोणी उपचार सुरू केले असते तर?

ट्यूब भरण्याचा क्रम याच कारणासाठी ठरलेला आहे. कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) असेल तर त्याच्या बाटल्या पहिल्या. मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. निळीत सिट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग, म्हणून ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. कमी भरली की रक्त गोठायला लागणारा वेळ खोटाच वाढलेला दिसतो आणि वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्या पेशंटचा डोस चुकू शकतो. करडीत फ्लोराइड, कारण ट्यूबमधल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच पडून राहिलं तर तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर कमी होते. उन्हात बाइकवर फिरलेली ट्यूब असेल तर डायबेटिसचा माणूस 'नॉर्मल' होऊन घरी जातो.

क्रम पाठ करून महिनाभरात विसरता येतो. का ते कळलं की तो विसरत नाही. भाचीला सांगा, हाताचं काम आहेच, पण प्रत्येक ट्यूबमध्ये काय चाललंय ते डोक्यात असावं लागतं.

सॅनहोजेकर
मूळची ठाण्याची, इथे कॅलिफोर्नियात नवऱ्याच्या नोकरीमुळे आले. भारतात बीएस्सी मायक्रोबायोलॉजी. इथे काम करायची परवानगी मिळाल्यावर फ्लेबोटॉमीचं लायसन्स काढलं, म्हणून लिहिते आहे.

अमेरिकेत सगळीकडे लायसन्स लागत नाही. कॅलिफोर्निया, लुइझियाना, नेवाडा आणि वॉशिंग्टन या चार राज्यांतच ते सक्तीचं आहे, बाकी ठिकाणी दवाखाने सर्टिफिकेट बघतात. कॅलिफोर्नियात आधी अनुभव नसेल तर 40 तास वर्गातलं शिक्षण, 40 तास प्रत्यक्ष काम, आणि त्यात किमान 50 वेळा शिरेतून आणि 10 वेळा बोटातून रक्त काढलेलं असलं पाहिजे. त्याची नोंद होते, देखरेख करणाऱ्याची सही लागते. त्यानंतर राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा. तासांच्या हिशेबाने बघितलं तर कोर्स छोटाच आहे, आपल्याकडच्या तीन महिन्यांपेक्षाही कमी. फरक त्या 50 आणि 10 मध्ये आहे. तो आकडा नियमात लिहिलेला असल्यामुळे कुठलाही क्लास रबरी हातावर भागवू शकत नाही.

माझ्या पहिल्या दहांपैकी चार चुकल्या. अकराव्या वेळी माझ्या प्रशिक्षक बाई म्हणाल्या, डोळे मिट आणि फक्त बोटाने शोध. तोपर्यंत मी निळी रेघ बघून टोचत होते. वर दिसणारी निळी रेघ पुष्कळदा बारीक, उथळ शीर असते. जिला दाबलं की बोटाखाली स्प्रिंगसारखी परत येते ती खरी.

पहाटपाळी
सॅनहोजेकर ताई, अगदी. डोळ्याने नाही, बोटाने. कोपराच्या खळगीत मधोमध जी असते ती पहिली बघायची, मीडियन क्युबिटल. तिथे जाड असते आणि फारशी सरकत नाही. नाहीच मिळाली तर अंगठ्याच्या बाजूची. करंगळीच्या बाजूची शेवटी, कारण तिच्या जवळून धमनी आणि नस, म्हणजे नर्व्ह, जातात. (आपण मराठीत शिरेलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही, नवीन मुलं त्यात गोंधळतात. मी शिकवताना शीर आणि नर्व्ह असे दोन वेगळे शब्द वापरतो.) तिथे टोचल्यावर पेशंट म्हणाला की बोटांपर्यंत करंट गेला, तर लगेच सुई बाहेर. थोडी फिरवून बघतो वगैरे नाही.

म्हाताऱ्या माणसांची शीर दिसते छान, टम्म, पण सुई लावली की पळते. अंगठ्याने खालची कातडी ताणून धरायची, मग नाही पळत. पट्टा कोपराच्या वर चार बोटं, आणि एका मिनिटात सुटला पाहिजे. पेशंटला मूठ उघड-बंद करायला सांगू नका, त्यानेही पोटॅशियम वाढतं, हे मला नोकरीत तीन वर्षांनी कळलं. स्पिरिट लावल्यावर फुंकर मारू नका, आपोआप वाळू दे.

दोनदा चुकलं की थांबायचं आणि दुसऱ्याला बोलवायचं. घरी गेलो असेन आणि दुसरा कोणी नसेल तर मी सरळ सांगतो, "काका, माझ्याकडून आज होत नाही, उद्या आमच्या सिनियरना पाठवतो." नऊ वर्षांत या वाक्यावर कोणी चिडलं नाही. तिसऱ्यांदा टोचल्यावर मात्र चिडलेत.

मोकळा_हात
मी यातली नाही, पेशंट आहे. स्तनाचा कर्करोग, 2019 मध्ये उजव्या बाजूचं ऑपरेशन, काखेतल्या गाठीही काढल्या. उजव्या हातातून रक्त काढायचं नाही असं मला सांगितलेलं आहे. त्यामुळे केमोच्या सगळ्या तपासण्या एकट्या डाव्या हातावर. सहा सायकल झाल्यावर त्या हाताच्या शिरा दगडासारख्या कडक झाल्या.

तुमच्या भाचीसाठी दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या. पहिली, टोचण्याआधी विचारणारी माणसं फार थोडी भेटली. "कुठल्या हातातून काढू, काही ऑपरेशन झालंय का?" एवढंच. बहुतेक जण ज्या बाजूला खुर्ची असेल त्या बाजूचा हात ओढतात. एकदा मी अर्धवट झोपेत होते आणि एका मुलाने उजव्या हाताला पट्टा बांधलाही होता. मी ओरडले, तो घाबरला, नंतर मलाच वाईट वाटलं. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

दुसरी, एकदा एका शिकाऊ मुलीने मला सरळ विचारलं, "मावशी, मी शिकतेय. मॅडम शेजारी आहेत. मी करू का? नको म्हणालात तरी चालेल." मी हो म्हटलं. तिला दोन मिनिटं लागली, नेहमीपेक्षा जास्त. पण न विचारता माझ्या हातावर शिकणाऱ्यांपेक्षा ती मला फार जवळची वाटली. मी नंतर दोनदा तिचंच नाव घेऊन तिला बोलावलं.

कृष्णाकाठ
मोकळा_हात ताई, तुमचा प्रतिसाद भाचीला मोठ्याने वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण वहीत लिहून घेतलं. तब्येतीची काळजी घ्या.

वैनगंगा
गडचिरोली जिल्ह्यातून. मी मोठ्या लॅबमधली नाही, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या शिबिरांत काम करते. आमच्याकडे शिरेतून कमी आणि बोटातून जास्त रक्त घेतो, म्हणून ती बाजू लिहिते.

कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, जून 2021 मध्ये केंद्राने फ्रंटलाइन कामगारांसाठी मोफत क्रॅश कोर्स सुरू केले होते. सहा कामांसाठी, त्यातलं एक सॅम्पल कलेक्शन सपोर्ट. मी त्यातून आले. तेव्हा स्वॅब घेणं हेच मुख्य होतं. पुढे 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट, आणि आमच्या भागात एकदम खूप काम आलं.

बोटातून घेणं सोपं वाटते, पण त्यातही शिकायचं आहे. मधलं किंवा अनामिका, कडेला टोचायचं, अगदी टोकाला नाही. करंगळी नाही, तिथे हाड जवळ. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकायचा. बोट दाबून पिळलं की त्यात पाणी मिसळते आणि पेशी फुटतात. थंडीत लेकरांची बोटं बर्फासारखी असतात, मग आधी हातात धरून गरम करते.

पण खरं काम टोचण्याच्या आधीच असते. पहिल्या वर्षी एका टोल्यावर गेलो तर अर्धी घरं बंद. रक्त नेऊन विकतात अशी गोष्ट पसरलेली होती. मला माडिया थोडीच येत होती. मग तिथल्या आशाताईंनी स्वतःचं बोट पुढे केलं, सगळ्यांसमोर. त्या थेंबात औषध टाकून नळीत कसा गढूळपणा येतो किंवा येत नाही ते मी तिथेच दाखवलं. सोल्युबिलिटी टेस्ट डोळ्याला दिसते, लपवायला काही नाही. गढूळ आलं म्हणजे रोगच आहे असंही नाही, वाहक असू शकते, पुढची तपासणी लागते, हे समजावून सांगायला मला त्यांच्या भाषेतली वीसेक वाक्यं पाठ करावी लागली. कोणत्याच कोर्समध्ये हे शिकवत नाहीत. शिकवायला पाहिजे.

गोदातीरी
वैनगंगा ताई, नमस्कार तुम्हाला. आम्ही एसीत बसून सॅम्पल रिजेक्ट करतो, ते कुठून कसं येतं हे दिसत नाही.

कृष्णाकाठ ताई, एक राहिलं. लेबल. भाचीला पहिल्या दिवसापासून सवय लावा: रक्त काढून झाल्यावर, पेशंटच्या समोर, तिथल्या तिथे लेबल. आधी लावून ठेवलेल्या ट्यूब नकोत आणि नंतर काउंटरला जाऊन लावणंही नको. नाव आपण उच्चारून 'हो ना?' विचारायचं नाही, कारण ऐकू न येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा", असं विचारायचं. वॉर्डात शेजारच्या दोन खाटांवर एकाच आडनावाच्या दोन बायका असतातच. शीर चुकली तर हात काळानिळा होतो, आठवड्यात बरा होतो. लेबल चुकलं आणि रक्तगट चुकीचा गेला तर माणूस जातो.

पॅथॉलॉजीवाली
गोदातीरी यांच्या शब्दाशब्दाशी सहमत. ताई, तुमच्या आईचं रक्त काढणाऱ्या त्या बाईंनी सर्वांत आधी नाव विचारलं होतं, तुम्हीच लिहिलंय.

आता कोणीच न काढलेला विषय, आणि माझ्या दृष्टीने प्रवेशाच्या आधीचा. हिपॅटायटिस बीची लस. तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी, लस लागली की नाही ते कळायला. लहानपणी घेतली असेल तरी कार्ड शोधा आणि तपासणी करा. संसर्ग असलेल्या रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात साधारण तीन. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात 6 ते 30. मुलं एचआयव्हीला घाबरतात आणि बीची लस न घेता सुई हातात धरतात. जो क्लास लसीबद्दल विचारत नाही त्याला मी क्लास मानत नाही.

मला स्वतःला रेसिडेन्सीत सुई लागली होती. रात्रीचे दोन, टोपण परत लावताना. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही हे मला पाठ होतं. थकलेली होते आणि हाताने जुनी सवय केली. नळाखाली साबणाने धुतलं, पिळायचं नाही हे तेवढं आठवलं. लगेच ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर तितकं चांगलं, दोन तासांत उत्तम, 72 तासांच्या पुढे उपयोग नाही. 28 दिवस गोळ्या घेतल्या. सगळं नीट झालं, पण ते तीन महिने अजून आठवतात. माझ्या लॅबमध्ये सुई लागल्याचं सांगणाऱ्याला कोणी एक शब्द बोलत नाही. लपवणाऱ्याला मात्र मी बोलते.

सुई थेट पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत पांढरा रंग धारदार वस्तूंसाठीच आहे. क्लास बघायला जाल तेव्हा तो डबा कुठे ठेवलाय ते बघा. टोचणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर हवा, खोलीच्या कोपऱ्यात नको.

कृष्णाकाठ
तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा.

भाची आणि मी मिळून त्या क्लासला गेलो. पहाटपाळी दादांचा प्रश्न विचारला. "प्रॅक्टिकल भरपूर असतं" असं उत्तर. किती, असं विचारलं तर म्हणाले, ते बॅचवर असतं. नोंदवही दाखवा म्हटलं तर नोंदवही नाही. पांढरा डबा कुठे ते विचारलं भाचीने, मी नाही. त्यांनी एक रिकामी पाण्याची बाटली दाखवली. लसीचा विषय त्यांनी काढला नाही. आम्ही चहा घेऊन निघालो. 45 हजार वाचले असं दाजी म्हणाले.

मग एका रुग्णालयाला जोडलेल्या संस्थेत डीएमएलटीची चौकशी केली. परीक्षा कोण घेतं, नोंदणी होते का, दोन्हीचं उत्तर लेखी मिळालं. पहिल्या वर्षापासून सकाळी ओपीडीच्या कलेक्शनला बसवतात आणि प्रत्येकीची वही असते, तारीख, किती, देखरेख कोणाची. मागच्या वर्षीच्या एका मुलीची वही बघितली, 212 नोंदी होत्या. प्रवेश घेतला. फीचा पहिला हप्ता मी भरला, दुसरा ऊस गेल्यावर दाजी भरतील. सुट्टीत ती शेजारच्या गावातल्या लॅबमध्ये जाते आहे, तिथल्या काकांनी लेबल आणि फॉर्मचं काम दिलंय. सुई नाही. पहिल्या दिवशी हिरमुसून आली, तेव्हा तिला पहाटपाळी दादांचा प्रतिसाद पुन्हा वाचायला दिला.

पहाटपाळी
फार बरं वाटलं ताई. पुण्याला आलात तर तिला एक दिवस पहाटे माझ्यासोबत पाठवा, बॅग मी उचलेन.

मोकळा_हात
तिला माझा आशीर्वाद. आणि शिकाऊ आहे हे पेशंटला सांगायला लाजू नकोस म्हणावं.

कृष्णाकाठ
नक्की सांगते. डॉक्टर, एक छोटी शंका. लहानपणीचं लसीचं कार्ड सापडलं नाही, म्हणून आमच्या डॉक्टरांनी पहिला डोस दिला. दुसऱ्या डोसच्या दिवशी नेमकं संस्थेत कागदपत्रं जमा करायला बोलावलंय. चार-सहा दिवस पुढे गेलं तर पहिल्यापासून सुरू करावं लागेल का?

पॅथॉलॉजीवाली
नाही. उशीर झाला तरी मालिका पुन्हा सुरू करायची गरज नसते, जिथे थांबलं तिथून पुढे. मात्र चार-सहा दिवसांपेक्षा जास्त लांबवू नका, आणि तिसऱ्या डोसची तारीख आजच तिच्या त्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.